भावना निर्णयात लुडबुडच करत असतील तर उत्क्रांतीत टिकल्या कशा?

भातुकली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

झालंय असं की पुण्यातली आहे ती नोकरी ठेवायची की बंगळुरूची ऑफर घ्यायची यावर घरात चर्चासत्र चालू आहे. माझ्या दादाने (इंजिनिअर, दुसरं काय) एक्सेल शीट बनवलं. पगार, घरभाडं, प्रवासाचा वेळ, ग्रोथ, आईबाबांपासूनचं अंतर, सगळ्याला दहापैकी मार्क, प्रत्येकाला वेटेज आणि खाली टोटल. बंगळुरू जिंकलं. आणि ती टोटल बघून आनंद व्हायचा सोडून माझ्या पोटात गोळाच आला. तर दादा म्हणतो, "भावना बाजूला ठेव, त्या गुहेत राहायच्या काळातल्या आहेत, वाघ दिसला की पळायला. आता वाघ नाहीये, एचआर आहे."

नोकरीचा सल्ला नकोय, त्याला नातेवाईक पुरेसे आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. भीतीचं मी समजू शकते, पण राग, लाज, नंतर होणारी हळहळ, ह्यांचं काय काम? रागाच्या भरात माणूस स्वतःचंच नुकसान करून घेतो, मग असे रागीट लोक हजारो पिढ्यांपूर्वीच संपायला हवे होते ना? आणि दुसरं म्हणजे, समजा एखाद्याच्या भावनाच काढून टाकल्या तर तो खरंच जास्त चांगले निर्णय घेतो का? असं कुणी प्रत्यक्षात बघितलंय का?

षड्रिपू, विपश्यना वगैरे दुसऱ्या धाग्यावर घेऊया प्लीज.

गुळांबा

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते खरंच बघितलं गेलंय.

अँटोनिओ दमासिओ म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आहेत, अमेरिकेत आयोवाला होते तेव्हा त्यांच्याकडे एक पेशंट आला, त्याला ते इलियट म्हणतात (खरं नाव नाही). तिशीतला माणूस, चांगली नोकरी, बायको, मुलं, सगळं व्यवस्थित. कपाळाच्या मागे ट्यूमर झाला, कॅन्सरचा नव्हता पण मेंदूवर दाब आणत होता, म्हणून ऑपरेशन झालं, ट्यूमर काढला आणि त्याच्याबरोबर मेंदूच्या पुढच्या भागातला खराब झालेला तुकडाही काढावा लागला. आता गंमत बघा, नंतर बुद्ध्यांक उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, भाषा, हिशोब, सगळ्या टेस्टमध्ये पास, किंबहुना सरासरीपेक्षा वर. आणि आयुष्याची मात्र पूर्ण वाट लागली. ऑफिसात कागद लावायला दिले की तारखेप्रमाणे लावू की विषयाप्रमाणे की आकाराप्रमाणे यातच दुपार जायची. नोकरी गेली, संशयास्पद माणसाबरोबर धंद्यात पैसे घातले ते बुडाले, लग्न मोडलं, दुसरं केलं तेही मोडलं. आणि हे सगळं तो दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा शांतपणे सांगायचा. त्याला भूकंपात पडणारी घरं, आगी, पुरात बुडणारी माणसं असले फोटो दाखवले तर म्हणाला, पूर्वी हे बघून मला काहीतरी झालं असतं, आता काही होत नाही.

याहून भारी किस्सा दमासिओंच्या दुसऱ्या एका पेशंटचा आहे, इजा साधारण त्याच भागाला. पुढच्या अपॉइंटमेंटसाठी दोन तारखा दिल्या, यातली कुठली सोयीची ते सांगा. पठ्ठ्या जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूने आणि विरुद्ध मुद्दे मांडत बसला, आधीची कामं, हवामान कसं असेल, एकेक. एकही मुद्दा चुकीचा नव्हता! शेवटी दमासिओच म्हणाले की दुसऱ्या तारखेला या, तर हा लगेच, हो चालेल.

म्हणजे भावना काढून टाकल्यावर शिल्लक राहते ती मुद्द्यांची न संपणारी यादी, ज्यात कुठलाच मुद्दा दुसऱ्यापेक्षा जड नाही. आता तुमच्या दादाला विचारा, शीटमधला वेटेजचा कॉलम कुणी भरला आणि कशावरून? पगाराला ३० आणि आईबाबांच्या अंतराला १० हे आकडे कुठल्या फॉर्म्युल्याने आले? (आकडे मी माझ्या मनाने टाकलेत, पण साधारण असंच असणार.) ते त्याला "वाटले" म्हणून आले. भावना बाजूला ठेवून नाही, भावना वापरूनच शीट बनलंय, फक्त त्याच्या भावना वापरून.

चहाबाज

एकदम सहमत!! एचआरवाला जोक दादाला सांगून टाका, वसूल.

पण गुळांबाशेठ, फिनियस गेज कसा काय राहिला? डोक्यातून सळई आरपार गेलेला. त्याच्या भावनांचा भाग गेला आणि माणूस पार वाया गेला, आमच्या सायकॉलॉजीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात होता.

खुसपटराव

गेजला कृपया आराम करू द्या. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडताना साडेतीन फुटांची, सहा किलोची सळई गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर पडली आणि तो जगला, इथपर्यंत खरं. त्याचा स्वभाव बदलला असं त्याच्या डॉक्टरने, हार्लोने, लिहून ठेवलंय तेही खरं. पण पुस्तकवाले पुढचं सांगत नाहीत. हा "वाया गेलेला" माणूस नंतर चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. प्रवाशांनी भरलेली, बऱ्याच घोड्यांची, लांब पल्ल्याची गाडी. पहाटे उठा, घोडे जुंपा, लोकांशी नीट बोला, डोंगराळ रस्त्यावर गाडी सांभाळा. निर्णयशक्ती गेलेल्याला हे जमेल? १८६० ला तो गेला, त्याच्या मेंदूची तपासणी झालीच नाही, नक्की कुठला भाग गेला हे नंतरच्या लोकांनी कवटीवरून अंदाजाने काढलंय.

इलियटची केस जास्त भक्कम आहे हे मान्य, पण तिथेही खुसपट आहेच. मेंदूचा एक भाग गेल्यावर भावना आणि निर्णय दोन्ही बिघडले, एवढंच दिसतं. एकामुळे दुसरं बिघडलं हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

मृगजळ

खुसपटराव, त्यासाठीच तर पत्त्यांचा खेळ काढला ना त्या लोकांनी. १९९४ चा, बेकारा, दमासिओ वगैरे मंडळींचा. एमएला असताना आम्ही कॉम्प्युटरवर खेळलोय, भयंकर चिडचिड होते.

चार गड्ड्या असतात. सुरुवातीला २००० डॉलर (खोटे) उसने मिळतात आणि एकेक पत्ता उचलायचा. पहिल्या दोन गड्ड्यांत दर पत्त्याला १०० मिळतात, उरलेल्या दोनांत फक्त ५०. पण मधूनच दंड लागतो, आणि पहिल्या दोन गड्ड्यांत तो इतका मोठा की दर दहा पत्त्यांमागे २५० चा तोटा, उलट ५० वाल्या गड्ड्यांत दहा पत्त्यांमागे २५० चा फायदा. हे काहीच आधी सांगत नाहीत. साधी माणसं थोडं हात पोळून घेतात आणि हळूहळू ५० वाल्या गड्ड्यांकडे वळतात. कपाळामागच्या त्या भागाला इजा झालेले पेशंट १०० वाल्यांतूनच उचलत राहतात आणि कंगाल होतात. त्यांच्यातले काही तर तोंडाने सांगतात की ह्या गड्ड्या वाईट आहेत, आणि परत हात तिकडेच!

मजा पुढे आहे. खेळताना हाताला घाम मोजायची यंत्रं लावली होती. साध्या लोकांना वाईट गड्डीकडे हात नेताना आधीच बारीक घाम यायला लागला, आणि १९९७ च्या पेपरात त्यांचं म्हणणं असं की गड्डी वाईट आहे हे शब्दांत सांगता येण्याच्या आधीच हे सुरू झालं. पेशंटना दंड बसल्यावर घाम यायचा, पण आधी, हात नेताना, येत नव्हता. म्हणजे मागचा मार आठवून पुढच्या वेळी शरीर जो हळूच कान ओढतं, तोच गायब.

आता तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगते, २००४ मध्ये माया आणि मॅक्लेलंड या दोघांनी हाच खेळ घेतला आणि लोकांना मधेमधे जास्त बारीक प्रश्न विचारले, तर बऱ्याच लोकांना कुठली गड्डी चांगली हे आधीच नीट माहीत होतं असं निघालं. तेव्हा "शरीराला मेंदूच्या आधी कळतं" ही जी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ओळ आहे ती जरा जपूनच घ्यावी. पण मला स्वतःला तो मुद्दा दुय्यम वाटतो. माहीत असूनही हात तिकडेच जाणारे पेशंट, ही खरी बातमी आहे. कळणं आणि वळणं यांच्या मधे काहीतरी लागतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं.

रानवाट

भातुकली ताई, "गुहेच्या काळातल्या भावना, आता निरुपयोगी" यावर थोडं लिहितो.

रँडॉल्फ नेस नावाचे डॉक्टर आहेत, त्यांनी यासाठी स्मोक डिटेक्टरचा दाखला दिलाय. ऑफिसात तो काय आगीलाच वाजत नाही, कुणी टोस्ट जाळला तरी बोंबलतो, आणि तरी आपण तो काढून टाकत नाही, कारण टोस्टला वाजण्याचा खर्च किरकोळ आणि आगीला न वाजण्याचा खर्च प्रचंड. हिशोब घाला. झाडीत खसफस झाली. पळालो तर समजा १०० एवढी शक्ती वाया. नाही पळालो आणि खरंच जनावर निघालं तर नुकसान १ लाख. मग जनावर असण्याची शक्यता हजारात एक असली तरी पळणं आतबट्ट्याचं होत नाही. म्हणजे हजारातल्या ९९९ वेळा भीती "खोटी" निघाली तरी ती यंत्रणा नीट चाललीय, बिघडलेली नाही! आपल्याला एकेका प्रसंगात ती मूर्ख वाटते कारण आपण त्या ९९९ मधल्या एका प्रसंगात उभे असतो.

आणि ती ऐकत नाही कुणाचं. डार्विनने स्वतःवर प्रयोग केला होता, लंडनच्या झूमध्ये पफ अ‍ॅडर (आफ्रिकेतला विषारी साप) जाड काचेमागे होता, हा काचेला तोंड लावून उभा राहिला, पक्कं ठरवून की साप अंगावर आला तरी हलायचं नाही. साप काचेवर आदळला आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे. १८७२ च्या पुस्तकात त्याने स्वतःच लिहिलंय की कधी अनुभवलेलाच नाही अशा धोक्याच्या कल्पनेपुढे माझी इच्छाशक्ती आणि बुद्धी काही करू शकली नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. इंग्रजी लेखांत हमखास असतं की बघा माणूस सापाला घाबरतो आणि गाडीला घाबरत नाही, कसा मागासलेला मेंदू. अरे बाबा, तुमच्या गावात साप नसतील. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार, त्यातली बहुतेक खेड्यात आणि निम्मी जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन शेतीच्या कामात. रस्त्यावर जास्त मरतात हे खरंय (२०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांच्या वर), आणि रस्त्याची भीती आपल्याला पुरेशी वाटत नाही हेही खरं. पण पावसाळ्यात अंधारात बांधावरून जाणाऱ्याची सापाची भीती निरुपयोगी आहे असं फक्त फ्लॅटमध्ये बसलेला माणूस म्हणू शकतो.

अण्णा_कोल्हापूरकर

रागाबद्दल कुणीच बोलंना, आमचा हक्काचा विषय.

एक खेळ आहे, १९८२ ला जर्मनीत पहिल्यांदा झाला. दोघंजण, एकाला १०० रुपये द्यायचे, त्यानं दुसऱ्याला किती द्यायचे ते सांगायचं. दुसरा हो म्हणाला तर दोघांना आपापला वाटा, नाही म्हणाला तर दोघांनाही भोपळा. एकदाच खेळायचं, नाव गाव काय माहीत नाही. आता डोकं वापरणाऱ्यानं १ रुपया दिला तरी घ्यावा, फुकटचा रुपया आहे की. पण होतं काय, वीसच्या खालची ऑफर आली की साधारण निम्मी माणसं ती धुडकावत्यात. स्वतःचे वीस घालवतील पण समोरच्याला ऐंशी मिळू देणार नाहीत. २००३ च्या एका प्रयोगात बघितलं की तीच रडकी ऑफर कॉम्प्युटरनं दिली तर लोक जास्त वेळा गप घेतात. म्हणजे राग पैशावर न्हाई, माणसावर आहे.

आता ताईंचा प्रश्न, असली माणसं संपली कशी नाहीत. रॉबर्ट फ्रँक नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८८ मध्ये याचं उत्तर मांडलंय आणि मला ते एकदम पटतं. राग त्या एका व्यवहारात तोट्याचा, पण ज्याच्याबद्दल गावाला माहीत आहे की ह्याला फसवलं तर हा नफातोटा बघणार नाही, त्याच्या वाटेला कोण जातंय? आणि नुसतं "बघून घेईन" म्हणून चालत नाही, कारण वेळ आली की शहाणा माणूस हिशोब करून गप बसतो हे समोरच्याला कळतं. खरा राग यायलाच लागतो, आवरता न येणारा, तोंडावर दिसणारा, तरच धमकी खरी. तसंच उलट बाजूनं अपराधी वाटण्याचं. ज्याला फसवल्यावर आतून टोचतं त्याच्याबरोबर लोक व्यवहार करत्यात. रॉबर्ट ट्रायव्हर्स ह्या जीवशास्त्रज्ञानं १९७१ मध्येच लिहिलेलं, की देवाणघेवाण टिकवायला राग, कृतज्ञता, अपराधीपणा हे सगळं लागतं. लाज पण त्यातच घाला, चारचौघांत किंमत कमी होईल ही आधीच लागणारी चाहूल.

आमच्या भावकीत बांधावरून तीस वर्षं केस चालू आहे, जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त झालीय, त्यामुळं राग कायम फायद्याचाच असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्या कुणी आमचा बांध कोरलेला नाही अजून!

खुसपटराव

अण्णा, बांधाचा किस्सा आवडला पण हीच तर अडचण आहे. उत्क्रांतीच्या नावाने कुठल्याही गोष्टीची कहाणी रचता येते. राग आहे, म्हणजे त्याचा फायदा असणार, फायदा सुचला, म्हणजे त्यासाठीच राग आला. रागाचे जीवाश्म सापडत नाहीत. उद्या माणसाला राग येत नसता तर तुम्ही तितक्याच ठसक्यात सांगितलं असतं की शांत लोक भांडणात मेले नाहीत म्हणून टिकले.

तुमच्याच खेळाचं बघा. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक आणि इतरांनी तो जगभरातल्या पंधरा छोट्या समाजांत नेला, २००१ मध्ये छापलं. पेरूतले मशिगेंगा सरासरी २६ टक्के देत होते आणि समोरचा ते जवळजवळ कधीच नाकारत नव्हता. इंडोनेशियातल्या लामालेरात, जिथे लोक होड्या घेऊन एकत्र देवमाशाची शिकार करतात, सरासरी ऑफर ५८ टक्के, निम्म्याहून जास्त! मग कुठे गेला तुमचा उपजत राग? कशाचा राग यायचा हे तर समाज शिकवतोय.

शिवाय "भीती", "राग" असे मेंदूत वेगवेगळे कप्पे आहेत हेही आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. भीतीचं केंद्र म्हणून जे अमिग्डाला सगळ्यांना पाठ आहे, ते जिचं दोन्ही बाजूंनी गेलंय अशी एस. एम. नावाने ओळखली जाणारी बाई सापाला, कोळ्याला कशालाच घाबरत नाही. पण २०१३ साली तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगवली तर ती चक्क घाबरून गेली. अमिग्डालावर आयुष्य घालवलेले जोसेफ लेडू स्वतः म्हणायला लागले की त्या सर्किटला भीतीचं नका म्हणू, बचावाचं म्हणा. आणि मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट तर म्हणतात भावना तयार मिळतच नाहीत, शरीराची अवस्था आणि शिकलेल्या कल्पना यातून मेंदू त्या त्या वेळी बनवतो.

मृगजळ

कहाण्या रचता येतात हे शंभर टक्के मान्य, पण सगळंच तसं नाहीये हो. काही ठिकाणी प्रयोग होतो.

जॉन गार्सिया आणि कोलिंग, १९६६. उंदरांना गोड पाणी प्यायला दिलं, पिताना दिवा आणि आवाजही होता. मग काहींना मळमळ होईल असं केलं आणि काहींना विजेचा झटका दिला. शिकणं हे नुसतं शिकणंच असेल तर दोन्ही गटांनी चव आणि दिवा दोन्हीला सारखंच टाळायला हवं. पण मळमळ झालेल्यांनी चव टाळली आणि दिव्याकडे दुर्लक्ष केलं, झटका बसलेल्यांनी दिवा-आवाज टाळला आणि गोड पाणी खुशाल प्याले. म्हणजे पोट बिघडलं की दोष जेवणालाच द्यायचा, हे उंदीर पाटी कोरी ठेवून शिकत नाही. शिवाय मळमळ खाल्ल्यानंतर काही तासांनी झाली तरी चवीची किळस बसते, जे तेव्हाच्या नियमांत बसतच नव्हतं, त्यामुळे गार्सियाचे पेपर नियतकालिकं परत पाठवायची.

माकडांचंही तसंच. सुसान मिनेकाने प्रयोगशाळेतच वाढलेली ऱ्हीसस माकडं घेतली, ज्यांनी साप कधी बघितला नव्हता. ती सापाला घाबरत नाहीत! (म्हणजे भीती सरळ जन्मजात नाही, हा गुण खुसपटरावांना.) पण दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला की पटकन शिकतात. मग व्हिडिओ असा जोडला की तेच माकड जणू फुलांना घाबरतंय, तर ते बघून कोणी फुलांना घाबरायला शिकलं नाही. थोडक्यात काय, भावना आयती येत नाही पण कशाची चटकन लागेल आणि कशाची नाही हे ठरलेलं असतं. मशिगेंगांचं पण मला असंच वाटतं, अन्याय झाला की राग येतो हे सगळीकडे असेल, अन्याय कशाला म्हणायचं ते गावागणिक वेगळं. अण्णांचं मत खोडलं जात नाही त्याने.

भातुकली

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. गुळांबा, दादाला वेटेजचं विचारलं तर म्हणाला "कॉमन सेन्स", आणि मग जरा चिडला 😄

दोन शंका. हळहळीचं कुणी सांगितलंच नाही, झालेल्या गोष्टीवर रडून उत्क्रांतीला काय मिळतं? आणि माझ्या पोटातला गोळा, तो वेटेज सांगतोय की टोस्ट जळलाय, हे ओळखायचं कसं?

गुळांबा

हळहळ मागचं बघते असं वाटतं पण काम पुढचं करते. २००४ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने (कामी आणि सहकारी) जुगारासारखा खेळ घेतला, दोन चक्रांपैकी एक निवडायचं आणि खेळ झाल्यावर न निवडलेल्या चक्रात काय मिळालं असतं तेही दाखवायचे. साधी माणसं ते बघून हळहळली आणि पुढच्या वेळा तसं होणार नाही असं निवडायला लागली. डोळ्यांच्या वरच्या, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्यांना जिंकल्या-हरल्याचा आनंद, दुःख होत होतं, पण "ते घेतलं असतं तर" हे वाटतच नव्हतं, आणि त्यांची निवडही सुधारली नाही. तेव्हा रडू दे थोडं.

गोळ्याचं अवघड आहे, कारण भावनेवर ती कुठून आली याची चिठ्ठी नसते. १९७४ चा एक प्रयोग आहे, कॅनडात व्हँकूव्हरजवळ दरीवरचा झुलता पूल, खाली सत्तरेक मीटर, पुलावर एक तरुणी पुरुषांना थांबवून काहीतरी प्रश्नावली भरून घ्यायची आणि फोन नंबर द्यायची. भक्कम, बुटक्या पुलावरच्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्या लोकांनी तिला नंतर जास्त फोन केले. पुलाची धडधड बाईच्या खात्यावर जमा झाली असा हा प्रयोग करणाऱ्या डटन आणि अ‍ॅरन यांनी लावलेला अर्थ.

त्यामुळे मी असतो तर शीट बंद केलं असतं आणि एक आठवडा बंगळुरू पक्कं झालंय असं धरून चाललो असतो, पुढचा आठवडा पुणं पक्कं धरून, आणि गोळा कधी येतो, कशाचा विचार करताना येतो ते बघितलं असतं. घर शोधायच्या विचाराने येत असेल तर टोस्ट. आईबाबांच्या विचाराने येत असेल तर तो कॉलम दादाला परत भरायला लावा.

अण्णा_कोल्हापूरकर

किंवा दोन्हीकडं पगार वाढवून मागा, कोण आधी चिडतंय ते बघा 😂

खुसपटराव

झुलत्या पुलाच्या प्रयोगावरही आक्षेप आहेत. वेगळा धागा काढतो.